रिसेप्शनला नवीन लागलात? मग फोनच्या आधी नावं शिका

जळगावात एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनला मी सहा वर्षं काढली, त्यावरून सांगते. लोकांना वाटतं हसायचं न फोन उचलायचा, झालं काम. अरे कुठलं!

आपल्या खान्देशात नुसतं "पाटील" लिहून भागतच नाही, एका सकाळी ओपीडीत सात पाटील अन् चार चौधरी बसलेले असतात, म्हणून पूर्ण नाव, गाव, तालुका (पिंपळगाव म्हटलं तर कुठलं ते विचाराच) न मोबाईलचे शेवटचे चार आकडे घ्यायचेच. अन् फाईल देताना "तुम्ही अमुक पाटील ना?" असं विचारू नका, अर्धवट ऐकू आलं तरी माणूस "हो हो" करतो. मी एकाची फाईल दुसऱ्याला दिलेली आहे, दोघं शुगरवाले, दोघं भडगावकडचे, केबिनच्या दारातून परत बोलावलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी विचारते, "आप्पा, पूर्ण नाव सांगा बरं तुमचं."

दुसरं म्हणजे "पाच मिनिटं बसा" हे तोंडातून काढूनच टाका. डॉक्टर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतील तर सरळ दीड तास सांगा, लोक चहा-नाश्ता करून येतील, चिडणार नाहीत. चोपडा-यावलकडून आलेल्याला परतीची एसटी कितीची ते आधीच विचारून घ्या, नंबर मागेपुढे करू नका (भांडणं होतात, मी बघितलीत), पण डॉक्टरांना विचारून रक्त-लघवी तपासायला आधी पाठवता येतं, तेवढाच वेळ वाचतो. एखादी आजी "मना नंबर कवय येई वं माय?" (माझा नंबर कधी येईल गं बाई?) म्हणाली तर मोडक्यातोडक्या अहिराणीत उत्तर द्या, "प्लीज वेट" नको.

फोनवर निरोप घेतला की नंबर परत वाचून दाखवा, वेळ लिहा. "आमचे नाना ॲडमिट आहेत, काय झालंय त्यांना?" असं कोणी विचारलं तर कितीही जवळचा वाटो, आजार सांगायचा नाही, निरोप घेऊन नातेवाईकांकडे पोचवायचा.

महात्मा फुले योजनेचं (सरकारची मोफत उपचारांची योजना) विचारलं तर रेशनकार्ड, आधार आणलंय का बघा अन् आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्याकडे) पाठवा, पेशंट योजनेत बसतो की नाही ते आपण ठरवायचं नाही.

आणि हो, काउंटरचा पेन दोरीने बांधा. मी पहिल्या महिन्यात डझनभर घालवले.