कल्पना वहीतच का राहते? उद्योजकता शिकताना या चुका टाळा

उद्योजकतेच्या वर्गात कल्पनांचा तुटवडा कधीच नसतो. सत्राच्या सुरुवातीला फळा भरतो आणि परीक्षेपर्यंत त्यातली एखादीच तग धरते. बाकीच्या टाकाऊ होत्या असं नाही. यासाठी पैसे कोण मोजेल, हे विचारायला कुणी बाहेर पडलंच नाही.

विचारायला गेलं तरी प्रश्न चुकतो. ‘असं ॲप आलं तर वापरशील का?’ म्हटल्यावर मित्र ‘भारी आहे!’ म्हणणारच, त्याला तुम्हाला दुखवायचं नसतं. समजा, विद्यार्थ्यांनी जुनी पाठ्यपुस्तकं एकमेकांना विकावीत अशी तुमची कल्पना आहे. तर विचारा, ‘मागच्या सत्राची पुस्तकं आता कुठे आहेत? विकून पाहिलीस का?’ ‘कपाटात पडलीत, विकायचं डोक्यातच आलं नाही’ असं उत्तर आलं, तर ही अडचण तुम्हाला वाटते, त्याला नाही. ‘दोघांना विचारलं, एकाने फारच पाडून मागितलं, दुसरा पैसे बुडवून गेला’ असं ऐकलंत, तर लगेच वही काढा. लोकांना ॲप नकोय, पैसे मिळण्याची खात्री हवी आहे, हे असल्या उत्तरातूनच कळतं.

पुढची चूक म्हणजे नाव, लोगो, वेबसाइट यांतच महिने घालवणं. या कामात मजा येते, कारण तिथे कुणी ‘नको’ म्हणत नाही. लोक बूट ऑनलाइन घेतील का, हे १९९९ साली निक स्विनमर्न यांना पाहायचं होतं. त्यांनी दुकानातल्या बुटांचे फोटो साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की दुकानात जाऊन ती जोडी विकत घेऊन पाठवली. धंदा म्हणून हा आतबट्ट्याचाच व्यवहार, पण लोक घेतात हे कळलं. त्यातून उभी राहिलेली झॅपोस ही ऑनलाइन बूटविक्रीची कंपनी २००९ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. जुन्या पुस्तकांसाठीही सुरुवातीला यादीची एक ऑनलाइन शीट आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.

कल्पना कुणी चोरेल ही धास्ती सोडा. ती राबवायचा उत्साह आपल्यालाच पुरत नाही, दुसऱ्याला कुठून येणार?

‘करू हळूहळू’ म्हणून सोडलेलं काम होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलंय की कधी, कुठे, काय करायचं हे आधीच बांधून घेतलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘ग्राहकांशी बोलायचंय’ असं मोघम लिहू नका. ‘शनिवारी तास सुटला की ग्रंथालयाच्या दाराशी तिघांना विचारीन’ असं लिहा. गट असेल तर पुढे नावही लिहा. ‘सगळे मिळून करू’ म्हटलेलं काम कुणाचंच नसतं.

थांबायचं कधी, तेही सुरुवातीलाच ठरवा. महिनाभरात शीटवरून एकही पुस्तक विकलं गेलं नाही तर हा प्रयोग बंद, असं तारखेसकट लिहून गटातल्या सगळ्यांना पाठवा. हा निर्णय महिना उलटल्यावर घ्यायला बसलात, तर ‘अजून थोडे दिवस बघू’ म्हणणारा एकजण हमखास निघतो.