शेंगेन व्हिसावरचे दिवस कसे मोजावेत

युरोपच्या छोट्या सहलीला किंवा तिकडे राहणाऱ्या मुलांना भेटायला निघालेल्यांचा सगळा जीव शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसांतली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत चालणारा एकच अल्पमुदतीचा व्हिसा, मिळेपर्यंत टांगणीला लागलेला असतो. मग तो हातात पडला की त्यावर नेमके काय छापले आहे, हे वाचायचे राहूनच जाते. पुढे विमानतळावर ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याच या न वाचलेल्या तीन ओळींतून उद्भवतात.

अर्जाचा भाग थोडक्यात सांगतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करावा. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी दाखल व्हावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. म्हणून शेवटच्या पंधरवड्यावर विसंबणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू असणारा हवा.

आता व्हिसाच्या स्टिकरकडे वळू. त्यावर 'फ्रॉम' आणि 'अन्टिल' अशा दोन तारखा असतात, त्याखाली किती वेळा प्रवेश करता येईल ते आणि शेजारी मुक्कामाचे दिवस छापलेले असतात. समजा, तारखा १० मे ते ८ जून आहेत आणि दिवस १५ आहेत. याचा अर्थ महिनाभर राहता येईल असा नव्हे. प्रवास थोडा पुढे गेला तर अडू नये म्हणून एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसात सहसा १५ दिवसांची सवलत धरून तारखा लांबवलेल्या असतात. राहता येते ते पंधराच दिवस. शिवाय पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. १० मे रोजी उतरलेल्या प्रवाशाचा पंधरावा दिवस २४ मे हा होतो. 'चोवीसच्या रात्री साडेबाराचे विमान' आपण बोलताना सहज म्हणतो, पण ती २५ तारीख असते. मध्यरात्रीपूर्वी पासपोर्ट तपासणी पार पडली तर निभावते खरे, पण असे तिकीट मुळात काढूच नये.

अनेकदा प्रवेश देणाऱ्या, ९० दिवसांच्या व्हिसाचे गणित याहून फसवे आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, असा नियम आहे आणि हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा पहिल्या प्रवेशापासून सुरू होत नाहीत. तिथल्या मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, मागे १८० दिवस मोजायचे असतात. लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत गेलेल्या आई ५ जानेवारी ते ५ मार्च २०२६ अशा ६० दिवस राहिल्या आणि १ जूनला पुन्हा गेल्या, तर त्यांना ३० जूनपर्यंतच राहता येते. त्याच आई १ जूनऐवजी ४ जुलैला गेल्या, तर जानेवारीतला एकेक जुना दिवस रोज मागे गळत जातो आणि त्यांना पूर्ण ९० दिवस मिळतात. अर्थात त्या सगळ्या काळात व्हिसाची तारीख शिल्लक असायला हवी. तिकीट काढण्यापूर्वी कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा मांडावाच.

प्रवेशांची संख्याही पाहावी. तिथे ०१ असेल आणि पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन परत यायचा बेत असेल, तर परतीचा दरवाजा बंद झाला असे समजावे, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि आयर्लंडही नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे मात्र युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. बल्गेरिया व रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाल्यामुळे आता एकूण २९ देश आहेत. आणखी एक: रोमला जाताना फ्रँकफर्टला विमान बदलायचे असेल, तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होते आणि दिवसांची मोजणीही तिथूनच सुरू होते; दोन विमानांमध्ये एवढा वेळ राखून ठेवावा.

पूर्वी पुसट शिक्क्यांमुळे एखादा जास्तीचा दिवस नजरेतून सुटत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या संगणकीय नोंदणीत प्रवेश व निर्गमनाची तारीख आणि चेहऱ्याचे छायाचित्र साठवले जाते, त्यामुळे मुदत ओलांडल्याचे आपोआप दिसते. गंभीर आजारपणासारख्या आपल्या हाताबाहेरच्या कारणाने निघणे अशक्य झाले, तर मुदत संपण्यापूर्वीच स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज करावा आणि डॉक्टरांचे पत्र सोबत जोडावे.

व्हिसा असला तरी प्रवेश द्यायचा की नाही, हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो. म्हणून हॉटेलचे आरक्षण किंवा यजमानांचे निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, विम्याचा कागद आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा हातातल्या पिशवीतच ठेवावा; चेक-इन केलेली बॅग तपासणी ओलांडल्यानंतरच हाती येते.