गोष्टीत भोपळा आणायचा कसा: मुलांसाठी एआय-गोष्टींचं ॲप बनवताना

माझी भाची पाच वर्षांची, राहते मिरजेला. घराजवळच तंतुवाद्यांची दुकानं आहेत, त्यामुळे दारात टांगलेले वाळके भोपळे ती रोज बघते. तिच्यासाठी मी एआयकडून गोष्टी रचून घेणारं ॲप बनवायला घेतलं. पहिल्या गोष्टीत मॉडेलने, म्हणजे गोष्ट लिहिणाऱ्या एआयने, तिचं नाव घातलं, एक जंगल घातलं आणि एक परी. तीन ओळी ऐकून तिने विचारलं, "मावशी, ही कुठली मुलगी?" नाव तिचंच होतं, बाकी तिचं काहीच नव्हतं.

म्हणून सुरुवात माहिती भरायच्या पानापासून करा. नाव, वय, आवडता रंग, आवडता प्राणी एवढंच विचारलं तर सगळ्या मुलांच्या गोष्टी एकाच साच्यातून निघतात. मी आता घरच्यांना तीन गोष्टी विचारते. खिडकीतून काय दिसतं? मुलाला घरात कोण काय म्हणून हाक मारतं? आज दिवसभरात काय घडलं? उत्तर बोलून देता आलं पाहिजे. रात्री नऊ वाजता एका हाताने पोराला भरवणारी आई मराठी कीबोर्ड उघडून बसत नाही. आडनाव, शाळा, पत्ता, फोटो मागूच नका. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलंय. त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते, आणि मुलांना डोळ्यांसमोर ठेवून जाहिराती करायला मनाई आहे. तसंही गोष्ट रंगायला पत्ता लागत नाही.

आता प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहून द्यायची सूचना. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला. "पाच वर्षांच्या मुलीसाठी छान गोष्ट लिही" म्हटलं की "ती अत्यंत आनंदित झाली" असली भाषा येते आणि शेवटी उपदेश. त्यापेक्षा सांगाडा आपण द्यायचा: कुणाला काय हवंय, आडवं काय येतं, दोनदा फसतं, तिसऱ्यांदा जमतं. आठ पानं, पानावर दोन-तीन वाक्यं, वाक्य आठ शब्दांच्या आत. तात्पर्य लिहायचं नाही, हे बजावून सांगा. एक ओळ दर दोन पानांनी परत येऊ द्या, कारण मुलं त्या ओळीवरच आपला आवाज मिसळतात. आमच्या गोष्टीत ती होती "भोपळोबा, भोपळोबा, गाणार का?" आणि सूचना कितीही लिहिल्या तरी भाषा सुधारली ती माझ्या आईने सांगितलेल्या दोन गोष्टी जशाच्या तशा उतरवून नमुना म्हणून दिल्यावर. "मग काय झालं, माहितीये?" हे मॉडेल तिच्याकडून शिकलं.

तयार झालेली गोष्ट आधी मोठ्यांना दिसू द्या, मुलाला नंतर. वाक्यावर बोट ठेवलं की ते बदलता यावं. गोष्ट तयार होईपर्यंत फिरणारं चक्र मुलाला दाखवत बसू नका. संध्याकाळीच रचून ठेवा.

चित्रांत माझा बराच घोळ झाला. भोपळा म्हटल्यावर मॉडेलने लालभडक, गोल, भाजीचा भोपळा काढला. तंबोऱ्याचा भोपळा वाळका, तपकिरी, आतून पोकळ असतो हे शब्दांत लिहून दिलं तेव्हा कुठे तो जमला. घरची माणसं, वस्तू यांचं असं एकेका ओळीचं वर्णन एकदाच लिहून ठेवा आणि प्रत्येक चित्राच्या सूचनेत तेच चिकटवा, नाहीतर पान उलटलं की आजीचं लुगडं पंजाबी ड्रेस होतं. चित्रात अक्षरं काढायला सांगू नका. जोडाक्षरं मोडतात आणि वाचायला शिकणारं मूल नेमकं तेच बघतं.

अक्षरं वेगळी, ठसठशीत बसवा. 'मुक्त' किंवा 'बलू' हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. मजकुराची भाषा कोडमध्ये मराठी अशीच नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. बटणं अँड्रॉइडवर किमान ४८ डीपीची (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) हवीत. मी त्याहून मोठी ठेवली, आणि पानावर दोनच, मागे आणि पुढे. खरेदी, सेटिंग वगैरे सगळं मोठ्यांच्या कुलपाआड.

यंत्राचा आवाज वापरणार असाल तर "चंद्र" आणि "चांदणं" हे दोन शब्द त्याच्याकडून वदवून घ्या. दोन्हींतला च वेगळा. तसंच "झेंडा" आणि "झाड". इथे जो आवाज अडखळतो तो मी बाद करते. घरच्या माणसाला आपल्या आवाजात गोष्ट रेकॉर्ड करता आली तर फारच उत्तम. माझ्या आईने केलेली रेकॉर्डिंग भाची सगळ्यात जास्त लावते.

तपासताना मुलाशेजारी बसा आणि काही सांगू नका. भाची "पुढे"च्या बाणाऐवजी चित्रातल्या भोपळ्यावर टकटक करत होती, तो वाजेल म्हणून. मग मी भोपळ्यावर बोट टेकलं की तंबोऱ्याचा सूर लागेल असं केलं.

आणि "पुन्हा" हे बटण विसरू नका. सुरुवातीला मी त्यावर नवी गोष्ट रचून देत होते. कालचं मांजर आज कट्ट्याऐवजी पायरीवर बसलं, तर भाचीने मला थांबवलं. "नाही मावशी, कट्ट्यावर!" आता आवडलेली गोष्ट शब्द न शब्द, चित्रासकट साठवली जाते, आणि "पुन्हा" दाबलं की मांजर कट्ट्यावरच असतं.