या चुका टाळा: कर्णबधिर पेशंटने मान हलवली म्हणजे त्याला समजलं असं नाही

कर्णबधिर पेशंटला ‘समजलं ना?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं असतं. मान हलते, चेहऱ्यावर हसू येतं आणि पेशंट केसपेपर घेऊन बाहेर पडतो. दारात दहा जण ताटकळत असताना तिसऱ्यांदा विचारायला कुणालाही ओशाळल्यासारखं होतं.

यातून काय होतं ते बघा. साखरेसाठी ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम सुरू केली आणि कागदावर लिहिलं, ‘खाल्ल्याशिवाय गोळी घेऊ नका’. लहानपणापासून खुणांवर वाढलेल्या माणसाची पहिली भाषा सांकेतिक असते, मराठी दुसरी. सांकेतिक भाषेत ‘-शिवाय’सारखे प्रत्यय नाहीत आणि नकार वाक्याच्या शेवटी येतो. त्यामुळे कागदावरून त्याच्या हाती लागतं ते एवढंच: गोळी, घेऊ नका. पंधरा दिवसांनी साखर होती तिथेच, म्हणून डॉक्टर डोस 2 मिलिग्रॅम करतात. मग घरातलं कुणीतरी चूक सुधारतं, पहिल्यांदाच गोळी पोटात जाते तीही दुप्पट, आणि अकरा वाजता साखर एकदम उतरून पेशंटला दरदरून घाम. दोष मात्र ‘हे लोक औषधं नीट घेत नाहीत’ या खात्यावर जमा!

उपाय दोन मिनिटांचा आहे. कागदावर आधी ताट काढा, पुढे बाण, मग गोळी, शेजारी ‘सकाळी 8’. एका ओळीत एकच गोष्ट, आणि दोन नकार एका वाक्यात कधीच नकोत. मग गोळ्यांची पट्टी त्याच्याच हातात द्या आणि ‘उद्या सकाळी काय करणार?’ हे करून दाखवायला सांगा. दोन मिनिटं नाहीत म्हणणाऱ्यांना पंधरा दिवसांनी वीस मिनिटं काढावी लागतात.

दुसरी लाडकी समजूत: ‘ओठ वाचतात की ते.’ आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पोट’ आणि ‘बोट’ म्हणा. प, ब, म ओठांवर एकसारखेच दिसतात. क, ग तर घशातच राहतात. त्यात तोंडावर मास्क, पाठीमागे उजेडाची खिडकी आणि वर ओरडणं. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो, बाकी काही साधत नाही. उजेड तुमच्या चेहऱ्यावर येईल असं बसा, तीन-चार फुटांवर. आणि पोट म्हणायचं असेल तर पोटाला हात लावा.

सोबत आलेल्या लेकराला दुभाषा करू नका. आईच्या पाळीचे प्रश्न दहा वर्षांच्या मुलाने विचारायचे? दुभाष्याची सोय अपॉइंटमेंट देतानाच विचारून ठेवा. तो डॉक्टरांच्या बाजूला, किंचित मागे बसला की पेशंटला दोघांचेही चेहरे दिसतात. ‘त्यांना विचारा, कधीपासून दुखतंय’ हे बंद. पेशंटकडे बघून ‘तुम्हाला कधीपासून दुखतंय?’ असं विचारा. दुभाषा व्हिडिओ कॉलवर असेल तर फोन टेकवून उभा करा, कारण बोलायला पेशंटला दोन्ही हात लागतात. याच कारणासाठी सलाईनची सुई तो ज्या हाताने लिहितो त्या हातात नको.

बाकीच्या चुका पटापट. नंबर पुकारून थांबू नका, जवळ जाऊन समोरून हात दाखवा. अपॉइंटमेंटसाठी फक्त फोन नंबर छापू नका, व्हॉट्सअॅप ठेवा. एक्स-रेला ‘श्वास रोखा’ ही खूण आधीच ठरवून एकदा सराव करून घ्या. एमआरआयच्या आधी कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे का हे लेखी विचारा. आत चुंबक असतो, नुसता बाहेरचा प्रोसेसर काढून भागत नाही. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स कानाला इजा करू शकतात, ती लिहिताना उरलेली श्रवणशक्ती लक्षात घ्या. आणि डोळे तपासताना जे सांगायचं ते खोलीतला दिवा घालवण्याआधी सांगा.