जस्ताच्या कढईतील ड्रॉस आटोक्यात कसा ठेवावा

जस्त सुमारे ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळते. सुट्या पोलादी मालाच्या गॅल्व्हनायझिंगसाठी, म्हणजे माल वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवण्यासाठी, कढई साधारण ४४५ ते ४५५ अंशांवर ठेवावी. या तापमानाला द्रव जस्तात लोखंड जेमतेम ०.०३ टक्के विरघळते आणि त्याहून अधिक झालेले लोखंड जस्ताशी संयोग पावून जड स्फटिकांच्या रूपाने तळाशी बसते, हाच ड्रॉस. म्हणून आम्लात धुतलेला माल नीट खळाळून घ्यावा, कारण त्यावर राहिलेले लोहक्षार फ्लक्सच्या (जस्त पोलादाला नीट धरावे म्हणून आधी लावायच्या क्षारद्रावणाच्या) टाकीतून थेट कढईत पोचतात. उत्पादन वाढवण्यासाठी तापमान चढवण्याचा मोह टाळावा: ४८० अंशांपलीकडे पोलादी कढईच स्वतः झपाट्याने झिजू लागते.

थराच्या चकाकीसाठी कढईतील जस्तात सुमारे ०.००५ टक्के ॲल्युमिनियम पुरते. ते फार वाढले, तर फ्लक्स निकामी होऊन मालावर काळे, उघडे डाग राहतात. पोलादात सिलिकॉन ०.०४ ते ०.१२ टक्के असल्यास मात्र थर बेसुमार जाड व करडा होतो आणि तो दोष कढईचा नसतो.

ड्रॉस काढण्यापूर्वी कढई काही तास स्थिर ठेवावी. ग्रॅब, म्हणजे ड्रॉस उचलायचा पंजा, आधी तापवून पूर्ण कोरडा करावा, कारण ओलाव्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले जस्त उसळते.