बॅग भरलेली मुलगी

नर्सिंग कॉलेजात नव्यानं ट्यूटर म्हणून लागलात, तर हजेरीपट नीट वाचायला शिका. मी उशिरा शिकले.

माझ्या पहिल्या बॅचमधली एक हुशार मुलगी. शिक्षण मराठी माध्यमातलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं वॉर्डात दोन दिवस दांडी मारली. मी लाल पेनानं 'गैरहजर' लिहिलं आणि विसरले. चौथ्या दिवशी होस्टेलच्या वॉर्डनबाईंचा फोन: बॅग भरलीय, वडील न्यायला येतायत.

खोदून विचारल्यावर कळलं. मेडिसिन वॉर्डात एका आजोबांचं बीपी तिला तीनदा घेऊनही ऐकू आलं नव्हतं आणि पेशंटच्या नातेवाइकांदेखत कुणीतरी सुनावलेलं "बारावी झालीस तरी कशी?" हे मात्र स्पष्ट ऐकू आलं होतं. मी तिला स्टेथोस्कोप लावायला सांगितला. उलटा! कानातली टोकं नाकाच्या दिशेनं वळलेली हवीत, एवढंच. माझ्याच दंडाला बीपीच्या यंत्राचा पट्टा बांधला. काटा हळूहळू खाली येत होता आणि ती एकदम म्हणाली, "मॅम, येतंय!"

खाड्यांचं गणित मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हीत 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही आणि क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटीचे, तास तर डिग्रीआधी 100 टक्के भरावेच लागतात. म्हणजे बुडालेली ड्यूटी माफ होत नाही, मागे साठत जाते. 2021-22 पासून सेमिस्टर पद्धत आली, त्यामुळे ती भरून काढायला सवडही कमी.

अ‍ॅनाटॉमी मी सरळ मराठीत समजावते, मग त्याच्याच पाच ओळी इंग्रजीत लिहून घेते, रोज. यावर स्टाफरूममध्ये कुरकुर होते, होऊ दे. पैशांचं मुलं आपणहून बोलत नाहीत. एका मुलीला महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची, शिष्यवृत्ती का आली नाही म्हणून एकदा शोधलं, तर खात्याला आधारच जोडलेलं नव्हतं. बँकेत अर्ध्या दिवसाचं काम, पण त्यापायी पोरगी मेस बंद करून बसली होती. मुलग्यांना गावात "हे बायकांचं काम" असं ऐकावं लागतं. त्यांची वॉर्डातल्या एखाद्या अनुभवी ब्रदरशी, म्हणजे पुरुष नर्सशी, गाठ घालून द्या, आपण भाषण देऊ नये.

त्या मुलीचे वडील आले, चहा घेऊन एकटेच परत गेले. मला वाटलं, मिटलं. पुढे कधीतरी तिच्या रूममेटनं सांगितलं, ती बॅग दिवाळीपर्यंत खाटेखाली तशीच भरलेली होती.