वीटीसीचं बोलावणं आल्यावर: खाणीत उतरण्याआधीची तयारी

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, सावनेर या पट्ट्यातल्या बऱ्याच पोरांची कोळसा खाणीतली नोकरी शेत खाणीत गेलं म्हणून लागते. कुणाची बापाच्या जागी लागते. नेमणुकीचा कागद हातात पडला की घरात पेढे वाटले जातात आणि पोरगं थेट खाली उतरायची स्वप्नं पाहू लागतं. पण १९६६ च्या प्रशिक्षण नियमांप्रमाणे आधी प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सगळे ज्याला वीटीसी म्हणतात ते, आणि मगच भुयार. तिथे जाण्याआधी काय काय जुळवून ठेवायचं ते सांगतो.

कागदांचं काम लवकर उरकतं. आधार, जन्मतारखेचा पुरावा, बँकेचं पासबुक आणि फोटो चार-सहा जास्तच ठेवा. खाण कायद्याने वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि आधारवरची तारीख जुळते का ते आजच पाहा. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची ताकद, कान आणि डोळे बघतात. दमा असेल, कधी फिट आली असेल, तर लपवू नका. नोकरी जाईल ही भीती मला कळते, पण भुयारात फिट आली तर तुम्हाला उचलून आणणाऱ्या चौघांचाही जीव टांगणीला लागतो.

कपडे सुती घ्या. नायलॉन-पॉलिस्टर आगीत कातडीला चिकटतं. शर्ट पँटमध्ये खोचलेला, बाह्यांची बटणं लावलेली. गळ्यात गमछा लोंबता नको, कारण कोळसा वाहणारा पट्टा किंवा हॉलेजची (कोळशाचे टब, म्हणजे छोटे डबे, ओढणाऱ्या यंत्राची) दोरी तो ओढते तेव्हा सोबत मानही ओढली जाते. हेल्मेट आणि बूट खाणीकडून फुकट मिळतात. बूट मापाचे नसतील तर तिथल्या तिथे बदलून मागा, लाजू नका. मिळाले की आठवडाभर जाड मोज्यांवर घरीच घालून फिरा, नाहीतर पहिल्या पाळीत फोड येतील आणि लक्ष छताऐवजी पायाकडे राहील.

आता खिसे. बिडी, सिगारेट, माचिस, लायटर, मोबाईल, सेलवरचं घड्याळ, सगळं वरच. उतरण्याआधी झडती होते आणि ती व्हायलाच हवी. बिडी ओढणाऱ्याने एक तयारी निराळी करावी: आठ तास बिडीशिवाय राहायची सवय आठ-दहा दिवस आधीच लावून घ्यावी. पहिल्या पाळीत तलफ आली की माणूस काय शक्कल लढवील याचा नेम नसतो. आपल्याकडे लगेच विचारतात, ‘मग खर्रा चालतो का?’ त्याने आग लागत नाही हे खरं, पण तोंड भरलेला माणूस ओरडून कुणाला सावध करणार कसा?

दिव्याचं एवढंच: लॅम्परूममधून मिळणारा दिवा तुमच्या नंबरचा असतो, तो दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. घेताना पेटवून बघा, वायर सोललेली नाही ना ते बघा.

खरा वेळ द्या सेल्फ रेस्क्यूअरला, म्हणजे विषारी हवेत श्वास चालू ठेवणाऱ्या डब्याला. कमरेच्या पट्ट्याला लटकणारा तो डबा पहिले दोन दिवस नकोसा होतो. काही जण त्याच्यावर बसतात, काही काढून कोपऱ्यात ठेवतात. आग किंवा स्फोटानंतर हवेत कार्बन मोनॉक्साईड पसरतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसला की थांबायचं नाही, विचारायचं नाही, डबा उघडून त्याचं श्वास घ्यायचं टोक तोंडात धरायचं आणि नाकाला चिमटा लावायचा. हे डोळे मिटून जमेपर्यंत वर्गात करा, दहा वेळा, वीस वेळा. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रसायनातून ऑक्सिजन देणाऱ्या डब्यातली हवा श्वासागणिक गरम होत जाते. घसा कोरडा पडतो, जीव गुदमरल्यासारखा वाटतो आणि नवखा माणूस घाबरून तोंडातून काढून टाकतो. हवा गरम येते आहे म्हणजे डबा काम करतो आहे. बोलण्यासाठीसुद्धा तो काढायचा नाही, हाताने खुणा करायच्या.

छत ओळखणं वर्गात अर्धंच शिकता येतं. जुने कामगार छताला ‘चाल’ म्हणतात. मुंबईच्या नातेवाइकाला ‘चाल पडली’ सांगितलंत तर तो राहायची चाळ पडली समजेल. उभ्या विहिरीसारख्या वाटेला ‘चानक’ म्हणतात, कोळसा काढून सोडून दिलेल्या जागेला ‘गोफ’. हे शब्द आधीच पाठ करा, कारण खाली हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी सगळं एकत्र चालतं आणि ‘चाल’ अशी हाक कानावर पडली की अर्थ विचारायला वेळ नसतो. छत पहारीने ठोकून बघतात. पक्कं छत ठणठणतं, सुटलेलं छत भदभदतं. कानाला सवय हवी तर उन्हाळ्यात बाजारात आईबरोबर माठ घ्यायला जा. ती टिचकी मारून चिरलेला माठ बाजूला काढते ना, तोच कान इथे लागतो. ठोकताना स्वतः मात्र आधार दिलेल्या छताखाली उभं राहायचं. सुरुंगाचा बार उडाल्यावर नुकत्या उघड्या पडलेल्या, आधार न दिलेल्या छताखाली एक पाऊलही नको, विसरलेलं फावडं आणायलासुद्धा नाही. लाकडी खांब मोडण्याआधी करकरतो, लोखंडी तेवढं सांगत नाही.

वायूची मोजणी सरदार, म्हणजे खाली तुमच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस, करतो. तुम्हाला एवढं माहीत असावं की मिथेन हलका, छताशी साचतो आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. माणसं मात्र त्याच्या बऱ्याच आधी, सव्वा टक्क्यालाच बाहेर काढतात. सरदार ‘मागे फिरा’ म्हणाला की हातातलं काम तसंच टाकून फिरायचं.

पाण्याची भीती या भागात नवी नाही. १० डिसेंबर १९५४ ला छिंदवाड्याच्या न्यूटन चिखलीत पाणी शिरून ६३ जण गेले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनालात ३७५ गेले. जुन्या, पाणी भरलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खणता येत नाही, ते साहेब लोक नकाशावर बघतात. पण भिंतीला नेहमीपेक्षा जास्त घाम, गंजकट पाणी, सडक्या अंड्याचा वास हे समोर काम करणाऱ्यालाच आधी कळतं. ते ताबडतोब सांगायचं. १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा आत अडकलेले ६५ जण, जसवंत सिंग गिल यांच्या पुढाकाराने वरून पाडलेल्या भोकातून, लोखंडी कॅप्सूलमध्ये बसून एकेक करून वर आले. म्हणून पहिल्या फेरीतच विचारून घ्या: उंचावरची जागा कुठली, दुसरी वाट कुठली. ताजी हवा तोंडावर येत असेल तर तुम्ही हवा आत येण्याच्या वाटेकडे चालला आहात. हवेच्या दारातून गेलात की दार मागे लावा.

हॉलेजची दोरी चालू असताना त्या वाटेने चालायचं नाही, टबवर बसायचं नाही. चालू गाडीसाठी घंटीचा एक ठोका म्हणजे थांबा, एवढा तरी पहिल्याच दिवशी पक्का.

आदल्या रात्री दारू नको, झोप पुरी हवी. डब्यात भाकरी-भाजी, सोबत पाण्याची बाटली. घरी पाळी सुटायची वेळ सांगा आणि त्यात एक तास वाढवून सांगा, नाहीतर आई दारात उभी राहील. वर आल्यावर दिवा लॅम्परूममध्ये जमा करा, हजेरी लावा, मगच मित्राच्या गाडीवर बसा. दिवा परत आला नाही तर तुम्ही खालीच आहात असं धरून लोक तुम्हाला शोधायला उतरतात.